वेंगुर्ला ते बेळगाव, एका दिवसात जाऊन येण्यासाठी: आधी परतीची वेळ ठरवा

तुळशीचं लग्न झालं की वेंगुर्ल्याहून आत्याचा फोन ठरलेला. "गो, पहाटे निघालव तर रातच्या जेवणाक घराक पोचतलव मा?" कुणाच्या तरी लग्नाचा बस्ता, कुणाचे डोळे दाखवायचे, कुणाला कॉलेजात प्रवेश घ्यायचा. सिंधुदुर्गातल्या माणसाला बेळगाव पिढ्यान् पिढ्या जवळचं. वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगावचा कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, जोडायला इंग्रजांनी घाटरस्ता केला, आणि आजही बेळगावात त्या रस्त्याला वेंगुर्ला रोडच म्हणतात. मी त्याच रस्त्याला, हिंडलग्याजवळ राहते. माझ्या घरी पाहुणे उतरतात ते बहुतेक याच वाटेने, आणि त्यांच्या फेऱ्या आखून देता देता जे कळलं ते सगळं इथे एकत्र लिहिते आहे.

आत्याला मी दरवेळी एकच सांगते: हो, एका दिवसात होतं. पण दिवस सकाळपासून मोजू नका, संध्याकाळपासून मागे मोजा. अंधार पडायच्या आत आंबोली घाट उतरून पायथ्याची दाणोली गाठायची, ही पहिली ओळ कागदावर लिहा. बाकी सगळं तिच्यावरून ठरतं.

वेळेचं गणित

वेंगुर्ला ते सावंतवाडी साधारण २८ किलोमीटर, पाऊण तास. सावंतवाडी ते आंबोली ३० किलोमीटर, घाट धरून पाऊण ते एक तास. आंबोली ते बेळगाव ६५ ते ७० किलोमीटर; रस्ता बरा असेल तर पावणेदोन तास, खड्डे असतील तर दोनाच्या वर. म्हणजे एका बाजूने सव्वाशे किलोमीटर आणि चहा-नाश्ता धरून चार तास. मालवणहून कुडाळमार्गे येणाऱ्यांनी त्यात पाऊण तास तरी वाढवायचा.

आता उलटं मोजू. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या. डिसेंबरात पावणेसहाला आंबोलीत असायचं तर बेळगाव दुपारी साडेतीनला सोडायला हवं. उन्हाळ्यात साडेचारपर्यंत चालतं. पावसाळ्यात मात्र सूर्यास्ताच्या भरवशावर राहू नका. ढग आणि धुकं यांनी आंबोलीत पाच वाजताच दिवे लावायची वेळ येते, म्हणून तेव्हाही साडेतीनच धरा. पहाटे साडेपाचला निघालात तर साडेनऊला बेळगावात पोचता. हातात राहिले सहा तास, फार तर सात. या सहा तासांत काय मावतं ते आधी ठरवायचं आणि उरलेलं पुढच्या फेरीला ठेवायचं.

हे मी इतकं ठासून का सांगते? तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आत्याला तपासणीसाठी आणलं होतं. रिपोर्ट चारला मिळणार होता, तो मिळाला सहाला. आत्येभाऊ म्हणाला, आता आलोच आहोत तर ब्लाऊजपीसही घेऊन टाकू. सात वाजता निघालो. मीही दोन दिवस राहायला म्हणून त्यांच्याबरोबर होते. नागणवाडी सोडल्यावर धुकं लागलं आणि आंबोलीत तर गाडीच्या बॉनेटपुढचं काही दिसेना. पुढे एक एसटी होती. तिचे मागचे दोन लाल दिवे धरून आम्ही अख्खा घाट उतरलो, एसटी थांबली की थांबायचं, चालली की चालायचं. आत्या मागे बसून रामरक्षा म्हणत होती. भावाचे हात स्टेअरिंगवर असे आवळलेले, की दाणोलीत चहाचा कप धरताना बोटं सरळ होईनात. वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: रिपोर्ट राहिला तर राहू दे, तो दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मागवता येतो.

कोणत्या घाटाने

किनाऱ्यावरून बेळगावला चढायच्या वाटा चार-पाच आहेत. सिंधुदुर्गातून येणाऱ्यांसाठी आंबोलीच उत्तम. रस्ता रुंद, रहदारी बऱ्यापैकी, काही बिघडलं तर मदतीला माणूस मिळतो.

मोबाइलचा नकाशा मात्र पुष्कळदा दोडामार्ग-तिलारी दाखवतो, कारण कागदावर तो जवळ पडतो. तिलारी घाट फार उभा आहे, वळणं अगदी तोंडाला तोंड लावलेली. भरलेल्या गाडीला आणि नव्या हाताला तो नाही. त्या खोऱ्यात रानटी हत्तींचा वावर आहे, हेही ध्यानात ठेवा. नकाशाने डावी-उजवीकडे काहीही सांगितलं तरी "आंबोलीमार्गे" असं स्वतः टाकून मार्ग पक्का करा आणि तो भाग घरीच डाउनलोड करून ठेवा. घाटात आणि पुढच्या जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज येते-जाते.

पणजी-म्हापशाकडून येणार असाल तर साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी ही वाट. ती फार देखणी आहे, कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे आणि मंदिराशी दहा मिनिटं थांबावंसं वाटतंच. पण पावसाळ्यात या रस्त्याची चाळण होते, आणि जांबोटीच्या अलीकडे-पलीकडे दाट रान, वस्ती विरळ. कुसमळीला मलप्रभा ओलांडावी लागते, तेव्हा मोठा पाऊस लागून राहिला असेल तर निघण्याआधी जांबोटी-खानापूरकडच्या ओळखीच्या माणसाला फोन करून रस्ता चालू आहे ना ते विचारा. मडगाव-फोंड्याकडच्यांना मोलेवरून अनमोड घाट, मग रामनगर, लोंढा, खानापूर असा राष्ट्रीय महामार्ग ७४८ आहे. तिथे अवजड ट्रकांची रांग लागते, म्हणून वेळ सढळ धरा.

आदल्या दिवशी

गाडीच्या चार गोष्टी बघा: ब्रेक, टायर, वायपर, कूलंट. टायरमध्ये स्टेपनीही आली. लोक चारही चाकांत हवा भरतात आणि डिकीतलं पाचवं विसरतात. वायपरच्या रबरावर बोट फिरवून बघा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने आणि उन्हाने ते कडक होऊन चिरतं, आणि हे घाटात पहिली सर आल्यावर कळतं. परतताना गाडी बस्त्याने, तांदळाने, भाजीने भरलेली असणार. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा छापलेला असतो, बेळगाव सोडताना त्याप्रमाणे हवा भरून घ्या.

कागदपत्रं: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधली चालतात, पण रेंज नसेल तिथे उघडणार नाहीत, तेव्हा ती फोनमध्ये उतरवून ठेवा किंवा छापील प्रत बरोबर घ्या. भाड्याची पिवळ्या पाटीची गाडी करत असाल तर ड्रायव्हरला आदल्या दिवशीच स्पष्ट विचारा, कर्नाटकाचं परमिट आणि कर भरलाय का. हद्दीवरच्या शिनोळीच्या नाक्यावर ही चर्चा सुरू झाली की तास जातो. आणि गोव्याची बाटली गाडीत नको, भेट म्हणूनही नको. परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडून दारू नेणं गुन्हा आहे, आणि तपासणी होते.

तारीख बघायला विसरू नका. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि सीमाभागातला मराठी माणूस त्याच दिवशी काळा दिन पाळतो. १७ जानेवारी हा सीमालढ्याचा हुतात्मा दिन. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की डिसेंबरात मोर्चे आणि बंदोबस्त. अशा दिवसांत हद्दीवर गाड्या अडकतात, दोन्ही बाजूंच्या बसगाड्या कधी कधी सीमेवरच थांबतात. आमच्यासाठी हे दिवस मनाला लागणारे आहेत, पण पाहुण्यांनी बस्त्यासाठी नेमके तेच निवडू नयेत. अनंत चतुर्दशीला आणि बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला तर शहराच्या मधल्या गल्ल्या संध्याकाळपासून बंद. ती मिरवणूक बघायची असेल तर मुक्कामाने या, माझ्याकडे जागा आहे.

चढताना

पहाटे पोटभर खाऊन निघू नका. आत्याला गाडी लागते, तेव्हा तिला आम्ही कोरड्या दोन चपात्या, नाहीतर उकड्या तांदळाची थोडी पेज एवढंच देतो. गाडी लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी अर्धा तास घ्यायची. घाटाच्या पायथ्याशी घेऊन उपयोग होत नाही. ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या सीटवर बसवा, काच दोन बोटं खाली, नजर लांब रस्त्यावर. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या मुलाला हमखास उलटी होते.

सावंतवाडीत मोती तलावाच्या कडेने जाताना उजाडायला लागलेलं असतं. इथे बायकांनी आणि वयस्कर माणसांनी आवरून घ्यावं. पुढची बरी सोय आंबोलीतल्या हॉटेलांतच, आणि त्यानंतर थेट शहरात. हे कुणी बोलत नाही, पण अनेक बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. थांबे ठरवून ठेवले की ही वेळ येत नाही.

दाणोली सोडली की घाट सुरू. चढणाऱ्या गाडीला पहिला मान, हा नियम आहे, तरी वळणावर हॉर्न देऊनच वळा. दुसऱ्या गिअरवर इंजिनाला ओढू द्या, घाई करून तिसरा टाकू नका. पावसाळ्यात डोंगराच्या बाजूने दगड आणि माती रस्त्यावर आलेली असते. जिथे ताजी लाल माती दिसेल तिथे थांबून फोटो काढायचे नाहीत, सरळ पुढे व्हायचं.

आंबोलीचा मोठा धबधबा घाटरस्त्याला लागूनच आहे. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची अशी रांग लागते की तासभर हलता येत नाही. सकाळी आठच्या आत तो ओलांडला तर काही त्रास नाही. परतताना मात्र तीच गर्दी समोर येते, म्हणून पावसाळ्यात ही फेरी आठवड्याच्या मधल्या दिवशीच करा. सुट्टीच मिळत नसेल तर नोव्हेंबरपर्यंत थांबा.

आंबोली गाव साधारण ६९० मीटर उंचीवर. किनाऱ्यावरच्या माणसाला इथली सकाळची हवा डिसेंबरात चांगलीच बोचते, मुलांना स्वेटर वरच ठेवा. इथे पंधरा-वीस मिनिटं थांबून नाश्ता करा, ड्रायव्हरला पाय मोकळे करू द्या.

आंबोली ते बेळगाव

गाव सोडल्यावर पुढे रस्ता फुटतो. एक आजरा-गडहिंग्लजकडे जातो, दुसरा चंदगड तालुक्यातून बेळगावकडे. गप्पांच्या नादात लोक आजऱ्याच्या रस्त्याने बरंच पुढे जातात, तेव्हा फाट्यावर पाटी वाचा. पुढे नागणवाडी, पाटणे फाटा, शिनोळी. काजूच्या बागा, भातखाचरं, मग ऊस. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, रस्ता भरून ऊस बाहेर आलेला आणि मागे दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. सकाळी त्या दिसतात. संध्याकाळी दिसत नाहीत, आणि माझ्या माहितीतले दोन अपघात असेच, तिन्हीसांजेला मागून आदळून झाले आहेत. परतीची वेळ पाळायचं हेही एक कारण.

शिनोळी हे महाराष्ट्राचं टोक, बाची लागलं की कर्नाटक. गावं बदलल्याचं तुम्हाला कळणारही नाही, बोलणं तेच मराठी. पाट्या मात्र कन्नड आणि इंग्रजीत होतात. हद्दीपलीकडे गेल्यावर पेट्रोलच्या दराकडे बघा. कर्नाटकात ते महाराष्ट्रापेक्षा बहुधा स्वस्त असतं, म्हणून वेंगुर्ल्याला टाकी पूर्ण भरू नका, परतीचं इथे भरा. तुरमुरी, उचगाव फाटा, सुळगा, हिंडलगा. शिवरात्रीच्या आधी याल तर रताळी नक्की घ्या; बेळगाव तालुक्यातली रताळी मोठी आणि गोड.

शहरातले सहा तास

सगळ्यात आधी दवाखान्याचं किंवा कचेरीचं काम. नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलला जायचं असेल तर बाजारपेठेत शिरू नका, हिंडलग्याहून हनुमाननगर, सदाशिवनगरच्या बाजूने जा. सकाळी केसपेपर काढला तरच दुपारपर्यंत डॉक्टरांची गाठ पडते. जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून आणा. आणि रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर पाठवाल का, हे पैसे भरतानाच विचारा.

बस्त्यासाठी येत असाल तर गाडी गल्ल्यांत घालू नका. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या भागात लग्नसराईत पायी चालायलाही जागा नसते. बापट गल्लीच्या पार्किंगमध्ये जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर गाडी कॅम्पच्या बाजूला उभी करून रिक्षा करा, भाडं आधी ठरवून. चालकाने मराठीत बोलणं सुरू केलं की तुम्हीही निःसंकोच बोला. नाहीच जमलं तर दोन कन्नड शब्द पुरतात: "एष्टु?" म्हणजे किती, "एल्लिदे?" म्हणजे कुठे आहे. ते ऐकून समोरचा हसतो आणि बरोबर वाट सांगतो.

खरेदीचा क्रम असा ठेवा. साड्या आधी, कारण तिथेच वेळ जातो. नऊवारी किंवा हातमागाची आवड असेल तर शहापूर-वडगावकडे जा, विणकरांची जुनी वस्ती तिथली. नंतर तांब्या-पितळेची भांडी. रविवार पेठेतला किराणा आणि बेळगावी बासमती शेवटी, गाडी जवळ आणून भरा. आठवडी बाजार शनिवारी असतो, त्या दिवशी भाजी ताजी आणि भरपूर, पण गर्दीही तशीच. ठरावीकच दुकान गाठायचं असेल तर त्याची सुट्टी कधी ते आदल्या दिवशी फोनवर विचारा.

जेवण साडेबारालाच उरका, एकनंतर चांगल्या खानावळीत टेबल मिळत नाही. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी. ड्रायव्हरने भात कमी खावा, पुढे घाट आहे.

वेळ उरलाच तर एक ठिकाण, दोन नकोत. माझं मत किल्ल्यातल्या कमल बस्तीला. रट्ट राजवटीत, १२०४ च्या सुमारास बांधलेलं हे जैन मंदिर. आत जाऊन मान वर करा, छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ दिसतं, पाकळीवर पाकळी. पाहुण्यांना मी नेहमी तिथे थोडा वेळ गप्प उभं करते. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघावी. १९२४ चं अधिवेशन इथे भरलं, आणि महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बसले ते फक्त याच एका अधिवेशनात.

कुंदा आणि मांडे अगदी निघताना घ्या. कुंदा दुधाचा, बंद गाडीत उन्हाला तापला तर आंबतो, म्हणून डबा डिकीत न ठेवता पायाशी सावलीत ठेवा. मांडे पापडासारखे मोडतात, तेव्हा कुणाच्या तरी मांडीवरच बरे.

उतरताना

साडेतीनला गाडी हलली पाहिजे. आंबोलीत चहा घ्या, पण दहा मिनिटं. घाट उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, वेग इंजिनाने रोखा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली येईतो रबर जळाल्यासारखा वास येतो आणि ब्रेक लागेनासे होतात. वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी उभी करा आणि वीसेक मिनिटं निवू द्या. तापलेल्या चाकावर पाणी मारू नका.

धुकं लागलं तर दिवे खालचे ठेवा. वरच्या दिव्याने धुक्याची पांढरी भिंत उभी राहते. पुढची गाडी दिसेनाशी झाली तर ओव्हरटेकचा विचारही नको. तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. एक दिसला की मागे आणखी असतात, दिवे आणि हॉर्न न मारता थांबा, ते आपणहून उतरतात. अडचण आलीच तर ११२ लावा, तो नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

आणि दाणोलीत उतरलात की तिथल्या हॉटेलात गाडी लावून मला एक फोन करा. आत्या करते तसा. "उतरलव गो," एवढंच म्हणते ती, आणि मग मी इकडे जेवायला बसते.